पूर्वेकडचा ‘मी’ आणि पाश्चात्त्यांचा ‘मी’ खरंच वेगळा असतो का?

थोडाफार असतो, पण लोक सांगतात तेवढा सरळ हिशोब नाहीये.

मार्कस आणि कितायामा या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1991 चा पेपर यात फेमस आहे, त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेत माणूस स्वतःला सुटा, स्वतंत्र समजतो आणि जपानसारख्या ठिकाणी नात्यांतून, म्हणजे मी कुणाचा कोण यावरून. माझंच बघा, ऐरोलीत जॉबला आहे, पहिल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मी सगळीकडे ‘आम्ही केलं’ लिहिलं तर तिकडचा मॅनेजर म्हणाला अरे तू काय केलंस ते सांग ना! आणि संध्याकाळी ठाण्यात घरी आलो की लिफ्टमधले काका अजून विचारतात, ‘तू कुणाचा रे, तिसऱ्या मजल्यावरच्यांचा का?’ चौतीस वर्षांचा आहे मी.

आपल्या भाषेतच बघा, ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, ‘आपण बसा’ मध्ये समोरचा, आणि ‘आपण होऊन केलं’ मध्ये स्वतः. एकाच शब्दात तिघं राहतात, वन आरके मध्ये राहावं तसे.

पण ‘पूर्व’ म्हणजे एकच गठ्ठा नाही हां. वेदान्त म्हणतो आत्मा आहे, बुद्ध म्हणतात अनात्म, म्हणजे कायमचा असा ‘मी’ नाहीच, दोघं इथलेच. आणि तिकडे स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ ह्यूम 1739 मध्ये लिहून गेला की ‘मी’ शोधायला आत गेलं की नुसत्या संवेदनाच सापडतात, म्हणजे तो बुद्धाच्याच जास्त जवळचा वाटतो मला, ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या देकार्तपेक्षा तरी नक्कीच.