जामीन झाला, तरी नवरा तुरुंगातच

प्रश्न : माझे पती सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात २२ वर्षं कामाला आहेत आणि युनियनचे सहचिटणीस आहेत. गिरणी खासगी कंपनीला विकली. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळेपर्यंत गेट सोडायचं नाही, असं कामगारांनी ठरवलं. एका सकाळी झटापट झाली, दगडफेक झाली, कंपनीच्या दोन गाड्यांच्या काचा फुटल्या. यांना अटक झाली, नंतर कोर्टाने जामीन दिला. पण सुटायच्या आधीच जिल्हाधिकाऱ्यांचा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालचा स्थानबद्धतेचा आदेश हातात ठेवला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात नेलं. त्याला ९ दिवस झाले. कारणं मराठीत आहेत, सोबतचे दोन गोपनीय अहवाल इंग्रजीत. हे दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. गृह विभागाकडे आणि सल्लागार मंडळाकडे दाद मागता येईल, एवढंच शेवटी लिहिलंय. पुन्हा जामीन मागायचा का?

उत्तर : ताई, जामिनासाठी आता धावपळ करू नका. स्थानबद्धता म्हणजे पुढे काही करू नये म्हणून खटल्याशिवाय ठेवलेली कैद, त्यात जामीन ही गोष्टच नाही. सत्र न्यायालय यात काही करू शकत नाही, तिथे फक्त दिवस जातील. मार्ग दोन आहेत आणि दोन्ही एकदमच धरायचे : आदेशाविरुद्ध निवेदन, आणि उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका. कैद कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासावं म्हणून ती असते.

आधी निवेदन, कारण तिथे घड्याळ चालू आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश राज्य सरकारने मंजूर केला नाही, तर तो १२ दिवसांपुढे टिकत नाही. तोवर तो मागे घेण्याचा अधिकार खुद्द जिल्हाधिकाऱ्यांकडेही असतो. म्हणून त्यांच्याकडेही दाद मागता येते हे कैद्याला कळवलं पाहिजे. ते कळवलं नाही म्हणून स्थानबद्धता टिकली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्र शासन विरुद्ध संतोष शंकर आचार्य या प्रकरणात ठरवलं. तिथे कायदा एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टीदादा वगैरेंना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा कायदा होता, पण अधिकाऱ्याचा आदेश आणि १२ दिवसांत सरकारची मंजुरी ही रचना इथेही तीच आहे. तुमच्या कागदात गृह विभाग आहे, मंडळ आहे, जिल्हाधिकारी नाहीत. तुमचं पत्र वाचताना माझी नजर सगळ्यात आधी तिथेच थांबली. याचिकेत हा मुद्दा वर घ्या.

निवेदन आजच, जिल्हाधिकारी, राज्याचा गृह विभाग आणि केंद्र सरकार अशा तिघांना. केंद्रालाही आदेश रद्द करण्याचा अधिकार आहे, हे बरेच जण विसरतात. ते कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवा आणि जावक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. निवेदन टेबलावर पडून राहिलं, तर त्या विलंबाचा खुलासा सरकारला न्यायालयात द्यावा लागतो. समाधानकारक खुलासा नसेल, तर तेवढ्यावरही माणसं सुटलेली आहेत.

त्याच निवेदनात इंग्रजी अहवालांचा मराठी अनुवाद मागा. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात स्थानबद्धाला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदी अनुवाद मागितला आणि तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. घटनेच्या अनुच्छेद २२(५) नुसार कारणं कळवायची असतात, आणि न समजणाऱ्या भाषेतला कागद हातात देणं म्हणजे कळवणं नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

आता मुळावर येऊ. आदेशात शब्द आहे ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. आपल्या मराठीत ‘कायदा व सुव्यवस्था’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कानाला सारखेच लागतात, पण कायद्यात त्यांच्यात मोठं अंतर आहे. १९६६ साली राम मनोहर लोहियांच्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळं मांडली : सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचं. काच फुटली म्हणजे कायदा मोडला. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं म्हणायला मात्र गावाचं रोजचं जगणं हललं पाहिजे. तुमच्या कागदात गेट आहे, दोन गाड्या आहेत, व्यवस्थापकाची तक्रार आहे. बाजार बंद पडला, एसटी थांबली, शाळा सुटल्या, असं एकही वाक्य तुम्ही कळवलेलं नाही. तसं खरंच नसेल, तर आदेशाचा पायाच कच्चा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, मनाची तयारी असावी म्हणून. दगड यांनी मारला की नाही, याचा पुरावा उच्च न्यायालय या याचिकेत तपासणार नाही. तो गुन्ह्याच्या खटल्याचा विषय आहे. गिरणी विकायला हवी होती का, हेही तिथे विचारलं जाणार नाही. न्यायालय पाहतं ते एवढंच, की अधिकाऱ्यासमोर कोणते कागद होते आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष कायद्यात बसतो का. त्यातच जामिनाचा प्रश्न येतो. जामिनाचा आदेश आणि त्यातल्या अटी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवल्या होत्या का? जामीन चुकीचा वाटत असेल, तर तो रद्द करून घ्यायला सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं. नेहमीचा कायदा पुरेसा असताना स्थानबद्धता वापरणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने रेखा विरुद्ध तामिळनाडू शासन (२०११) मध्ये बजावलं आहे.

मात्र एका मुद्द्यावर विसंबून राहू नका. या कायद्याच्या कलम ५अ मुळे एक कारण पडलं तरी उरलेल्यांवर आदेश तगू शकतो. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर हवं.

स्थानबद्धतेपासून ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जायला हवं आणि ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल यायला हवा. पुरेसं कारण नाही असं मंडळ म्हणालं, तर सरकारला सोडावंच लागतं. ‘मला समक्ष ऐकून घ्या’ हे यांनी लेखी द्यावं. तिथे वकील चालत नाही, पण वकील नसलेला मित्र मदतीला घेता येतो. ए. के. रॉय यांच्या खटल्यातला हा निकाल आहे. रॉय धनबादचे खासदार, कोळसा खाण कामगारांचे पुढारी, आणि स्वतः या कायद्याच्या आधीच्या अध्यादेशाखाली स्थानबद्ध. तुमच्या युनियनमधला कागदपत्रांची जाण असलेला, शांतपणे बोलणारा कुणी असेल, तर त्याला पाठवा. सरकारी बाजू विधी सल्लागार घेऊन आली, तर यांनाही वकील मागता येतो. तेही याच निकालात आहे.

याचिका मुंबईला नेण्याची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सांगली जिल्हा त्याच्याकडे आहे. फीची चिंता वाटत असेल, तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवून अर्ज करा.

वकिलाकडे जाताना आदेश, कारणांची प्रत, सोबतचा प्रत्येक कागद, जामिनाचा आदेश आणि निवेदनाची पोच घेऊन जा. कोणता कागद कोणत्या तारखेला हातात पडला, हे वहीत लिहून ठेवा. पत्नी म्हणून याचिका तुम्ही स्वतःच्या सहीने करू शकता, त्यामुळे कारागृहातून वकालतनामा येण्याची वाट पाहत बसू नका.