वाचक विचारतात : रॉकेट नागपुरातून का उडत नाही?

प्रश्न : झिरो माइल आमच्या नागपुरात. मग रॉकेटतळ थुंबा आणि श्रीहरिकोट्यालाच का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : केरळातलं थुंबा निवडलं ते चुंबकीय विषुववृत्तामुळे, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा; ती थुंब्याजवळून जाते. तिथे साधारण 100 ते 110 किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा मोठा प्रवाह वाहतो. तिथवर फुगा पोचत नाही, उपग्रह टिकत नाही. मोजायला साउंडिंग रॉकेटच लागतं, म्हणजे उपकरणं घेऊन वर जाऊन परत खाली पडणारं छोटं रॉकेट. पण थुंब्याचा समुद्र पश्चिमेला. उपग्रह शक्यतो पूर्वेकडे सोडतात, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयता मिळतो. म्हणून 1969 मध्ये पूर्व किनाऱ्यावरचं श्रीहरिकोटा ठरलं.

आता नागपूर. आयता वेग श्रीहरिकोट्याला सेकंदाला सुमारे 450 मीटर, नागपूरला 433. कक्षेत राहायला साडेसात हजारांच्या वर लागतो, त्यापुढे हा फरक किरकोळ. खरी अडचण खाली काय पडतं याची आहे. पीएसएलव्ही या आपल्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा जळून संपला की 20 मीटर लांब, 2.8 मीटर व्यासाचं पोलादी नळकांडं खाली येतं, तेही सगळं सुरळीत झालं तर. 10 ऑगस्ट 1979 ला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या पहिल्या एसएलव्ही-3 या उपग्रह-रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातल्या नियंत्रण यंत्रणेचा व्हॉल्व्ह अडकला, नायट्रिक ॲसिड गळून गेलं, रॉकेट भरकटलं आणि सुमारे 560 किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडलं. नागपूरहून पूर्वेला तेवढंच अंतर मोजा: भंडारा, गोंदिया, छत्तीसगड ओलांडून संबलपूरच्या जरा पुढे. सगळी वस्ती! चीनचे जुने तळ देशाच्या आत आहेत, तिथे वापरलेले टप्पे आजही गावांजवळ पडतात. आपल्याकडे तसं नाही, ही त्या वेळच्या निवडीची मोठी पुण्याई.

प्रश्न : थुंब्याचं पहिलं रॉकेट संध्याकाळी का सोडलं? – एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : 21 नोव्हेंबर 1963 च्या त्या अमेरिकन नायकी-अपाचीत सोडियमची वाफ सोडणारं फ्रेंच उपकरण होतं. सूर्य मावळल्यावर जमिनीवर अंधार पडतो, पण शंभर-दीडशे किलोमीटर वर ऊन असतंच. त्या उन्हात सोडियमचा ढग नारिंगी चमकतो. एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो काढायचे, मागच्या ताऱ्यांवरून कोन काढायचे, की ढगाची जागा मिळते; ती कशी सरकते त्यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग. लवकर सोडलं तर उजेडात ढग दिसत नाही, उशीर झाला तर वरचंही ऊन जातं. मिळतात ती मोजकीच मिनिटं, आणि एका ठिकाणी जरी आभाळ भरून आलं तरी हिशेब अडतो.