लॉज रद्द कर, पाहुणी घरी आण

पत्र: ताई, ९ मेला माझ्या बहिणीचं लग्न आहे, आमच्या गावीच, दारव्हा तालुक्यात. पुण्याच्या ऑफिसातली माझी जर्मन मैत्रीण लग्न बघायला येतेय. आमचं घर जुनं, कवेलूच्या छपराचं, संडास अंगणात. लोक तिच्याकडे टकामका बघतील, जेवण तिला तिखट लागेल, अशी भीती वाटते. म्हणून यवतमाळला लॉज बुक केलाय. मुहूर्ताला गाडीने आणायचं, वेगळं टेबल लावून जेवू घालायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं. आई तिच्यासाठी मधली खोली सारवून ठेवतेय, तिला लॉजचं अजून सांगितलेलं नाही. मैत्रिणीने काय घालावं आणि आहेर काय करावा, तेवढं सांगा.

उत्तर: कपडे आणि आहेर नंतर. आधी त्या मधल्या खोलीचं बोलू. लग्नघराच्या धबडग्यात तुझी आई न पाहिलेल्या पोरीसाठी खोली सारवतेय, आणि तू तिला मुकाट्याने सारवू देतेस? मला याचा राग आला, लपवत नाही. पाहुणीचा विचार तुमच्या घरात आईने एकटीने केलाय. तू विचार केलास तो घर झाकायचा. लॉज रद्द कर. ७ तारखेच्या संध्याकाळी मैत्रिणीला घरी आण आणि आईच्या हवाली कर.

ती लग्न बघायला येतेय ना? मग मुहूर्ताला येऊन तिला काय दिसणार? पत्रिकेत पावणेबारा लिहिलेले असतात आणि नवरदेव मारोतीच्या देवळातून नाचत मांडवात पोचेपर्यंत एक वाजतो. मंगलाष्टकं पंधरा-वीस मिनिटांत आटपतात, बाकी सगळा डीजेचा आवाज. खरं लग्न आदल्या दिवशी असतं. मांडवावर आंब्या-जांभळीच्या डहाळ्या चढतात, हळद लागते, रात्री बायका वांगी चिरत आणि लसूण सोलत गाणी म्हणतात. टक लावून बघण्यावरचा उपायही तिथेच आहे. गाडीतून उतरून थेट स्टेजवर गेलेली गोरी बाई दिवसभर तमाशा होऊन बसते, आणि वेगळ्या टेबलावर जेवली तर दुप्पट. आदल्या रात्री विळीपाशी बसून लसूण सोललेली पोरगी सकाळपर्यंत गावाची झालेली असते. पोरं सेल्फी मागतीलच. तिच्यासोबत एखादी खमकी मामी दे, तेवढं पुरतं.

परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि ही जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते, मग लॉज असो की घर. ही झंझट नको म्हणून लहान लॉजवाले परदेशी माणसाला ऐनवेळी खोली नाकारतात. तुझं बुकिंगही तसंच फसू शकतं. तिच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो आताच मागवून ठेव. पोलीस पाटलांना आणि ठाण्यात आधीच सांगून ये. गावात रेंज नसेल तर फॉर्म तालुक्याहून भर.

खोलीची चिंता सोड. मे महिन्यात मातीच्या भिंतीची कवेलूची खोली टिनाच्या खोलीपेक्षा कितीतरी थंड असते. सारवणाचा वास एका दिवसात जातो, फक्त ते नीट वाळू दे. खाट, मच्छरदाणी आणि कूलर लाव. लाइन गेली तर उशाशी हातपंखा ठेव. संडासाची आतली कडी लागते का बघ, बल्ब लाव, कपडे अडकवायला खिळा ठोक, कागद आणि झाकणाची बादली ठेव. भरल्या लग्नघरात सहानंतर रांग लागते, तिला पाचला उठायला सांग.

जेवणाचं म्हणशील तर तिखटाने तोंड भाजतं, पोट सहसा बिघडतं ते बर्फाने आणि पाण्याने. मठ्ठ्यात नि सरबतात फोडून टाकतात ती लादी कारखान्यातली असते, ती पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही. बर्फ घातलेलं काही नको, कोशिंबीर नको, वीस लिटरचा जारही नको. सीलबंद बाटल्यांची दोन खोकी आणि ओआरएसची दहा पाकिटं आणून ठेव. चुलीवरून उतरलेलं वरण, भात, पोळी ती खुशाल खाऊ दे, आलू-वांग्याच्या भाजीचा रस्सा वाटीभरच दे. पहिली पंगत वऱ्हाडाची, त्यामुळे घरच्या बायका बसेपर्यंत तीन वाजतात. तिला सकाळी पोटभर पोहे दे आणि पंगतीत तुमच्यातच बसव. मांडी दुखली तर बसायला पाट दे, भिंतीला टेकू दे. ताट रिकामं दिसलं की वाढपी वाढतच जातो, म्हणून पोट भरत आलं की पत्रावळीवर हात आडवा धरायला शिकव.

आता कपडे. सैल सुती सलवार-कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत. डोक्याला बांधायला मोठा दुपट्टा हवाच, दुपारी पारा ४४-४५ला जातो. काळा आणि कोरा पांढरा रंग टाळ. हळदीला जुने कपडे. हळद घरी कुटलेली वापर आणि आदल्या दिवशी तिच्या कोपराच्या आत थोडी लावून बघ, पुरळ आलं नाही तरच चेहऱ्याला. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, ती घाबरेल. धुऊन कडक उन्हात वाळत टाकलं की डाग फिका पडत जातो. साडी नेसायची हौस असेल तर मुहूर्तापुरती, हलकी सहावारी, भरपूर पिना लावून. ब्लाउजचं माप आत्ताच मागव, शिंपी लग्नसराईत आठ दिवस लावतो.

आहेर ५०१ रुपयांचा, पाकिटात, वही लिहिणाऱ्याकडे द्यायचा. माइकवरून तिचं नाव पुकारू नका म्हणून बजावून ठेव. तुझी आई तिची ओटी भरेल, तेव्हा पदर पुढे धरायचा. पदर नसला तर दुपट्टा. खण ती घेऊन जाईल, तांदूळ आणि नारळ इथेच राहू दे.

अक्षतांची मूठ पहिल्याच मंगलाष्टकाला रिकामी करू नये. दर ‘सावधान’ला चार दाणे, तेही अलगद.

आईला आजच फोन करून खोली वाळली का ते विचार. लॉजचं बोलायचं असेल तर बोल, नसेल तर राहू दे. मैत्रिणीला एवढं कळव: ७ तारखेला नागपूरला उतर, तिथून गाडीने तीन-चार तास, मुक्काम आमच्या घरी, संडास अंगणात आणि देशी बैठकीचा, झोपायला खोलीत अजून चार बहिणी. जमेल का ते तिलाच ठरवू दे.