वय, उत्पन्न काहीच भरलं नाही, तरी नागपुरातल्या आमच्या टीव्हीवर शाळेच्या आणि वर्धा रोडवरच्या फ्लॅटच्याच जाहिराती का येतात?

तुम्ही काही भरलं नाही तरी टीव्हीवर ज्या अ‍ॅपमधून कार्यक्रम पाहता ते तुमच्या वापरावरून अंदाज बांधतं. आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, शहर कळतं, टीव्ही-मोबाइलच्या मॉडेलवरून ऐपतीचा अदमास येतो. खरी माहिती देतात त्या पाहण्याच्या सवयी. रोज दुपारी कार्टून लागतं, म्हणजे घरात लहान मूल असावं. अशा खुणांवरून तुम्हाला ‘लहान मुलांचे पालक’ अशा गटात टाकतात आणि जाहिरातदार तो गट निवडतो. तुमचं नाव त्याला लागतच नाही. बऱ्याच सेवांच्या गोपनीयता धोरणात हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण हा भाग वेगळा. मला जास्त खटकतं ते पुढचं: अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावरचं चित्र ओळखणारी सोय असते, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सवर काय पाहिलं तेही टीव्ही कंपनीपर्यंत जाऊ शकतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधून ती आधी बंद करा. अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरात आयडीही, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, हटवता येतो.

मात्र हे सगळे अंदाजच आहेत. मोबाइल डेटावर नागपूरऐवजी मुंबई दिसू शकते, आणि आजी व नातू एकच प्रोफाइल वापरत असतील तर हिशेब पार चुकतो.