अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे सुपरिंटेंडंट (एका शहरातल्या किंवा भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचे प्रमुख) इतक्या लवकर का बदलतात?

एक मोठं कारण राजकीय आहे: त्यांना नेमणारं स्कूल बोर्ड, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारं मंडळ, बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं असतं, आणि बहुमत फिरलं की नव्या मंडळींना आपल्या विचाराचा माणूस हवा असतो. शाळा महापौरांच्या हाती असल्या तरी तेच. वॉशिंग्टन डीसीत मिशेल री 2007 मध्ये चॅन्सेलर म्हणून आल्या (पद तेच, नाव वेगळं). त्यांना नेमणारे महापौर एड्रियन फेंटी 2010 ची पक्षांतर्गत निवडणूक हरले आणि काही आठवड्यांत रींनी पद सोडलं. बजेट, शिक्षक संघटना, पालक यांचा ताण वेगळाच. शाळा बंद करायची वेळ आली तर सगळेच दुखावतात. खरं नुकसान मुलांचं, वाचन-गणिताची योजना रुजण्याआधीच बदलते. मात्र सगळीकडे असं नाही: फ्लोरिडातल्या मायामी-डेडमध्ये अल्बर्टो कार्व्हालो 2008 ते 2022 टिकले.