सप्टेंबरचा गल्ला, मार्चची उधारी

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे: पेन्शन सुरू आहे, बँकेत 9 लाख आहेत. पुढच्या जूनमध्ये घराच्या दुरुस्तीला 4 लाख लागतील. शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीच्या सप्टेंबरच्या ताळेबंदात भरपूर रोकड आणि नगण्य कर्ज दिसलं. तिच्या शेअरमध्ये 6 लाख घालू का? दुरुस्तीच्या वेळी लागतील तेवढे विकेन.

बाई, नमस्कार. ताळेबंद उघडून पाहिलात याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यावरची तारीख बघा: 30 सप्टेंबर. सीबीएसई शाळांची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीची बरीचशी विक्री जानेवारी ते मार्चमध्ये होते, कारण वर्ग एप्रिलमध्ये भरतात. त्याआधी कागद घ्यायचा, छपाई करायची, माल विक्रेत्यांना उधारीवर द्यायचा. वसुली पुढच्या काही महिन्यांत होते. म्हणून सप्टेंबरमध्ये गल्ला भरलेला दिसतो. 31 मार्चला मात्र तोच पैसा येण्यांमध्ये, म्हणजे विक्रेत्यांकडून अजून यायच्या रकमेत, अडकलेला असतो. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे नवनीतच्या पुस्तकांचा हंगाम एप्रिल ते जूनचा. एकाच तारखेला दोघांची रोकड शेजारी ठेवली तर तुलना चुकते.

मी या धंद्यात रोकडीच्या आधी येणी बघते. न खपलेली पुस्तकं दुकानदारांकडून परत येतात आणि विक्रीतून वजा होतात. अभ्यासक्रम बदलला की गोदामातला साठा रद्दीच्या भावाचा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एस. चंद या शालेय पुस्तकांच्या कंपनीचं उदाहरण घ्या. 2017 साली 670 रुपयांना शेअर विकून कंपनी बाजारात आली. 2018-19 मध्ये तोटा झाला आणि मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या पडझडीत, भाव 100 च्याही खाली होता. कंपनी टिकली, आजही पुस्तकं छापते. पण त्या महिन्यात ज्याला घराचं छप्पर बदलायचं होतं, त्याला कंपनी टिकल्याचा काय उपयोग? कंपनीच्या खात्यातली रोकड तुम्हाला काढता येत नाही. तुम्हाला मिळतो तो त्या दिवशीचा बाजारभाव.

म्हणून 6 लाख नकोत. दुरुस्तीचे 4 लाख जूनच्या आधी संपेल अशा मुदत ठेवीत ठेवा. एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच विमा असतो, तेव्हा सगळे 9 लाख एकाच बँकेत असतील तर ते दोन बँकांत विभागा. आजारपणासाठी 3 लाख हवे तेव्हा काढता येतील असे राहू द्या. उरलेल्या दोनपैकी फार तर 1 लाख या शेअरमध्ये, तेही मागच्या दोन मार्च आणि दोन सप्टेंबरचे ताळेबंद वाचल्यावर. येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर तो लाखही घालू नका.