तहसील कार्यालयातील घुसमट आणि राजीनाम्याचा विचार

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवड होऊन अडीच वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तहसील कार्यालयात महसूल सहाय्यक म्हणून रुजू झाले. माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचे संकलन (म्हणजे त्या विषयाच्या कामाचे टेबल) आहे आणि पद रिक्त असल्यामुळे आणखी एका संकलनाचा अतिरिक्त कार्यभारही आहे. टिप्पणी वर पाठवली की ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन ती परत येते. काही प्रकरणे ‘तूर्त बाजूला ठेवा’ असे तोंडी सांगितले जाते आणि लोक मात्र माझ्या टेबलासमोर उभे राहून मलाच बोलतात. जुने सहकारी म्हणतात, सवय होईल. रात्री झोप लागत नाही. राजीनामा द्यावासा वाटतो, पण घरात शासकीय नोकरी करणारी मी पहिलीच असल्यामुळे वडील ऐकून घ्यायलाही तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे मूळ पत्र येथे छापलेल्या मजकुरापेक्षा बरेच मोठे आहे आणि ते मी दोनदा वाचले. त्यात पगाराविषयी किंवा कंटाळ्याविषयी एकही तक्रार नाही. सर्वांत जास्त ओळी तुम्ही त्या विधवा बाईंविषयी लिहिल्या आहेत, ज्यांचा अर्ज पात्र असूनही उत्पन्नाच्या दाखल्यातील एका त्रुटीवरून तीन वेळा परत गेला. ज्यांना हे कामच नकोसे झालेले असते, ते पत्रात अर्जदारांविषयी इतके लिहीत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्हाला काम नकोसे झालेले नाही, काम होऊ न देणारी पद्धत असह्य झाली आहे. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत आणि राजीनामा हा त्यांपैकी पहिल्या गोष्टीवरचा उपाय आहे.

प्रथम तोंडी आदेशांविषयी, कारण तुमच्या मनस्तापाचे मूळ मला तेथेच दिसते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे वरिष्ठांचे निदेश सामान्यतः लेखी असावे लागतात आणि अपवादात्मक परिस्थितीत ते तोंडी दिले गेले, तर शक्य तितक्या लवकर लेखी कायम करून घ्यायचे असतात. याचा अर्थ वरिष्ठांशी वाद घालणे असा नाही. प्रकरण बाजूला ठेवण्यास सांगितले गेले, तर त्याच दिवशी नस्तीवर (फाइलवर) ‘दिनांक अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार प्रकरण तूर्त प्रलंबित ठेवण्यात येत आहे, आदेशार्थ सादर’ अशी दोन ओळींची टिप्पणी लिहून ती वर पाठवावी. भाषा नम्र असावी, आरोप नसावा, दिनांक मात्र असावा. ‘चर्चा करावी’ हा शेरा आला की चर्चेची वेळ मागून घ्यावी आणि चर्चेत जे ठरले ते त्याच नस्तीवर नोंदवून पुन्हा सादर करावे. कारण तो शेरा घेऊन नस्ती तुमच्या टेबलावर पडून राहिली, तर विलंब कागदोपत्री तुमच्याच नावे लागतो. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा जो 2005 चा अधिनियम आहे, त्याची चर्चा कर्मचारी बदल्यांपुरतीच करतात. पण त्याच्याच कलम 10 मध्ये कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, अशी तरतूद आहे. हे बंधन तुमच्यावर जसे आहे तसेच तुमच्या वरच्या प्रत्येक पायरीवर आहे, आणि नस्ती कोणत्या दिवशी कोणाकडे गेली याची नोंद तुमच्याजवळ असेल तरच ते तुमच्या उपयोगाचे ठरते.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या संकलनाची. तुम्ही लिहिता की कपाट उघडले की काय शिल्लक आहे तेच कळत नाही. महसूल खात्यात सहा गठ्ठे पद्धत ब्रिटिश काळापासून चालत आलेली आहे : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. अनेक ठिकाणी ती आज तपासणीच्या आदल्या आठवड्यापुरती उरली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण कागद कोठे आहे हे सांगता येणे, हीच टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाची पहिली गरज असते. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठक, अभिलेख आणि कामाची वाटणी मुळापासून बदलली आणि ती रीत ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याचा, आग्रह धरला. हे दोघेही अधिकारी होते आणि तुमच्या हाती तेवढा अधिकार नाही, हे मी जाणतो. परंतु दोन्ही प्रयोगांचा आरंभ जुन्या कागदांच्या वर्गवारीपासून झाला होता, आणि स्वतःच्या दोन कपाटांची वर्गवारी करण्यासाठी कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नसते. ती झाली की अतिरिक्त कार्यभार कमी करण्याची विनंती नुसती गाऱ्हाणे म्हणून न करता, दोन्ही संकलनांतील प्रलंबित प्रकरणांच्या गोषवाऱ्यासह तहसीलदारांकडे लेखी करता येईल. त्याच अर्जात संकलन बदलून देण्याची विनंतीही करता येते.

काही गोष्टी मात्र बदलणार नाहीत आणि त्याविषयी तुम्हाला खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. वार्षिक वेतनवाढ झटून काम करणाऱ्यालाही 3 टक्के आणि वेळ काढणाऱ्यालाही 3 टक्केच मिळते. पदोन्नती ज्येष्ठतेच्या वाटेने जाते. दुय्यम सेवा परीक्षा आणि नंतर महसूल अर्हता परीक्षा या विभागीय परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास ज्येष्ठतेचे नुकसान होते, वेळेत उत्तीर्ण झाल्याने मात्र कोणी वेगाने पुढे जात नाही. निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, जनगणना अशी कामे आली की तुमचे नियमित संकलन मागे पडणारच. आपल्या मेहनतीचा मोबदला वेगळा दिसायला हवा ही ज्यांची मूळ ओढ असते, त्यांनी येथे तीस वर्षे काढू नयेत, असेच मी सांगत आलो आहे. तुमची ओढ ती आहे का, हे तुम्ही स्वतःलाच विचारा. पत्रावरून मला तसे वाटले नाही.

तुमच्या पदवीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा आहे. स्थापत्य अभियंत्याने आयुष्यभर बारनिशी (आवक-जावक टपालाची नोंद) आणि अनुदानाच्या याद्या सांभाळाव्यात, असे मी म्हणणार नाही. जलसंपदा व सार्वजनिक बांधकाम विभागांतील कनिष्ठ अभियंता, नगररचना विभागातील पदे आणि आयोगामार्फत होणारी राजपत्रित स्थापत्य अभियांत्रिकी सेवा हे मार्ग तुम्हाला खुले आहेत. आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा साधारणपणे 38 वर्षांची आहे, त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी उशीर झाला असे समजण्याचे कारण नाही. तहसील कार्यालयातील अनुभव तेथे वाया जात नाही, कारण भूसंपादन, गौण खनिज आणि अतिक्रमण यांची प्रकरणे कागदावर कशी चालतात, हे बहुतेक अभियंत्यांना नोकरीत आल्यावरच शिकावे लागते.

झोपेविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण ते मला गंभीर वाटते. अनेक आठवडे झोप लागत नसेल, तर वैद्यकीय रजा घेऊन डॉक्टरांना दाखवा. शासनाची टेली-मानस ही समुपदेशन सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते. अशा अवस्थेत राजीनाम्याचा अर्ज लिहू नका आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे न कळवता कामावर जाणे थांबवू नका. अनधिकृत गैरहजेरीतून विभागीय चौकशी सुरू होते आणि तिची नोंद पुढच्या प्रत्येक शासकीय नियुक्तीच्या वेळी आडवी येते.

वडिलांशी बोलताना ‘नोकरी सोडते’ या वाक्याने सुरुवात करू नका. घरातील पहिली शासकीय नोकरी त्यांच्यासाठी काय आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पुढील वर्षभर हीच नोकरी करत अभियांत्रिकी सेवेची तयारी करणार, संकलन बदलून मागणार आणि वर्षअखेर पुन्हा विचार करणार, हा बेत त्यांच्यापुढे मांडा. ते लगेच मान्य करतील असे नाही, परंतु त्यावर त्यांच्याशी बोलणे तरी होऊ शकेल. वर्षभराने सर्व उपाय करूनही मन तेथे रमले नाही, तर खासगी क्षेत्रात जाण्याचा निर्णय तुम्ही निःशंकपणे घ्यावा आणि त्या वेळी वडिलांशी बोलण्यास मीही तयार आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील तुमचा ‘प्राण’ (PRAN) हा कायम खाते क्रमांक नोकरी बदलली तरी कायम राहतो, हेही त्यांना सांगा.

दुसऱ्या शासकीय पदासाठी अर्ज करताना तो कार्यालयामार्फत करा किंवा कार्यालयाला रीतसर कळवून ना हरकत प्रमाणपत्र घ्या. योग्य परवानगीने दुसरे शासकीय पद स्वीकारण्यासाठी दिलेल्या राजीनाम्यामुळे मागील सेवा वाया जात नाही. परवानगी नसेल तर ती वाया जाऊ शकते. अर्जाच्या प्रतीवर बारनिशीचा शिक्का आणि दिनांक घेऊन ती प्रत घरी ठेवा, आणि याच महिन्यात आस्थापना शाखेत जाऊन तुमच्या सेवापुस्तकातील नोंदी आजपर्यंत पूर्ण आहेत की नाहीत, हे पाहून घ्या.